पुंडलिकनानांची डबल बेल

आमच्या गल्लीतले पुंडलिकनाना काहीही बोलायला सुरुवात करण्याआधी हाताला लागेल त्या वस्तूवर दोनदा ठोकतात. टेबल, भिंत, पाण्याचा माठ, समोरच्याची स्कूटर, त्यांना काहीही चालतं. एकदा दुसरं काही सापडलं नाही म्हणून त्यांनी माझ्या हेल्मेटवर ठोकलं, आणि ते तेव्हा माझ्या डोक्यात होतं. टक टक झालं की मग बोलणं सुटतं. बोलणं संपवायचं असलं की एकदाच ठोकतात. टक. त्यानंतर तुम्ही वाक्याच्या मध्यावर असलात तरी तुमचा थांबा आला असं समजून उतरायचं असतं.

नानांची सगळी नोकरी एस.टी.त कंडक्टर म्हणून गेली, तीही बरीचशी जळगाव-धुळे रस्त्यावर. दोन बेल म्हणजे चला, एक बेल म्हणजे थांबा, एवढ्या दोन शब्दांवर त्यांनी उभा जन्म काढला. निवृत्त झाल्यावर बेलची दोरी गेली, पण ओढायचा हात राहिला. घरात यमुनाकाकूंनी वाढायला घेतलं की नाना ताटावर दोनदा ठोकतात, आणि भात पुरे झाला की एकदा. काकू म्हणतात, "मन्हं अर्धं आयुष्य गाडीमाच गयं, उतरनू म्हनशी ते आजूनबी नही."

असा हा माणूस एका टीव्ही मालिकेच्या नादी लागेल असं कुणी सांगितलं असतं तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं. पण निवृत्तीनंतर पहिल्याच पावसाळ्यात नानांचा पाय मुरगळला, आणि पाय खाटेवर ठेवून समोर जे लागेल ते बघणं आलं. काकूंना मालिकांचं वावडं. त्या फोनवर क्रिकेट बघतात आणि पंचांना भाजी विकणाऱ्यांच्या भाषेत बोलतात. त्यामुळे टीव्ही नानांच्या एकट्याच्या ताब्यात आला, आणि त्या टीव्हीवर संध्याकाळी 'दोन दारांचं घर' लागलं.

ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक मोठं घर आहे. दोन भाऊ भांडले म्हणून त्याला मागच्या बाजूनं दुसरं दार पाडलं आहे. पुढच्या दारानं मोठी सून कारस्थानं करते आणि मागच्या दारानं धाकटी सून रडते. कधी कधी दारं बदलतात. बाकी काही होत नाही, पण ते न होणं आठवड्यातून सहा दिवस होतं. पाय बरा होईपर्यंत नाना या घराचे कुटुंबप्रमुख झाले होते.

आता यात मी कसा सापडलो ते. माझं झेरॉक्सचं दुकान आहे. त्यामुळे आमच्या गल्लीच्या मते मला कॉम्प्युटर, फोन, इन्व्हर्टर आणि पासपोर्ट या सगळ्यातलं कळतं. एके दिवशी नाना दुकानात आले, काउंटरवर टक टक केलं आणि म्हणाले, "सुनील, ते पॉडकास्ट म्हनतस ते काय ऱ्हास रे?" मी सांगितलं की माणूस बोलतो, ते रेकॉर्ड होतं, आणि लोक त्यांना पाहिजे तेव्हा ऐकतात. नानांचा चेहरा उजळला. "म्हंजे पॅसेंजर दिसत नही, पन गाडीमा शे?" मी म्हटलं, साधारण तसंच. "मंग मी हाईच काम करेल शे," असं म्हणून त्यांनी काउंटरवर एकदा ठोकलं. विषय संपला होता आणि मी नोकरीला लागलो होतो, बिनपगारी.

पॉडकास्टचं नाव 'डबल बेल'. स्टुडिओ म्हणजे नानांच्या माजघरातली खाट. रस्त्यावरचा आवाज येऊ नये म्हणून खाटेच्या चारी खुरांना काठ्या बांधून वर गोधड्या टाकलेल्या. आत नाना, फोन आणि एक टॉर्च. बाहेर स्टुलावर मी. कूलरचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येतो म्हणून कूलर बंद. आमच्या जळगावच्या वैशाखात भर सकाळी गोधड्यांच्या आत बसून अर्धा तास बोलणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. भाग संपवून नाना बाहेर यायचे तेव्हा काकू त्यांच्या हातात टॉवेल आणि ताक द्यायच्या.

भाग कसा सुरू व्हायचा? टक टक. "राम राम मंडळी. बठ्ठा बशी गयात का? मांगली सीटले आयकू येस ना? मंग सोडू गाडी." सगळे बसलात का, मागच्या सीटला ऐकू येतं का, हे त्यांचं पालुपद. दर भागात किमान तीन-चारदा यायचं. मी एकदा म्हणालो, नाना, पॉडकास्टला मागची सीट नसते, सगळे फोनला कान लावूनच ऐकतात. नाना माझ्याकडे ज्या नजरेनं बघत राहिले ती नजर बहुधा फुकट्या प्रवाशांसाठी राखीव असावी. "मांगली सीट नही आशी गाडी दखाड माले," एवढंच म्हणाले.

कथेची चिरफाड ते कंडक्टरच्याच भाषेत करायचे. कारस्थानी पात्र आलं की "हाई बाई विनातिकीट शे." दोन्ही सुनांच्या भांडणात तोंड उघडं टाकून बघत राहणारा नायक म्हणजे "उभा प्रवासी." मालिकेत जुना काळ दाखवायला लागले की नाना गाडी मागे घ्यायचे. "येऊ द्या... येऊ द्या... आखो थोडी येऊ द्या... बस!" आणि गोधडीला बुक्की मारायचे. कथा पुढे सरकेना की म्हणायचे, "मंडळी, कवयपासून एरंडोललेच उभी शे आपली गाडी. डायव्हर, दख रे काय व्हयनं." डायव्हर म्हणजे मी. गावभर मला तेच नाव पडलं. झेरॉक्सला येणारी कॉलेजची मुलंसुद्धा "डायव्हर काका, दोन्ही बाजूंनी काढा" असं म्हणायला लागली.

आणि गाणी! मालिकेवर नाना स्वतः गाणी रचायचे. ताल धरायला तिकिटं पंच करायचा जुना चिमटा. नोकरीतला जमा करावा लागला होता, म्हणून त्यांनी जुन्या बाजारातून तसाच एक शोधून आणला. त्या चिमट्याच्या टिकटिकीवर, कानबाई या आमच्याकडच्या देवीच्या गाण्यांच्या चालीवर, गोधडीच्या आतून आवाज यायचा:

"मोठी सून, मोठी सून, करी ऱ्हायनी काय?
धाकलीनी खीरमा मीठ टाकी जाय!"

हे गाणं इतकं पसरलं की पुढच्या श्रावणात कानबाईच्या मिरवणुकीत डीजेवर वाजल्याचं मी स्वतः ऐकलं आहे. वरणगावचे एक गृहस्थ मात्र मोठ्या सुनेच्या बाजूचे. दर भागानंतर त्यांचा लांबलचक निरोप यायचा की मीठ तिनं टाकलंच नव्हतं, आधीच्या भागात डबा बदलला होता, नीट बघा. नाना पुढच्या भागात त्यांना नाव घेऊन खाली उतरवायचे. दोघांनाही त्यात भलता आनंद होता.

श्रोतेही मग गाणी करून पाठवायला लागले. त्यात एक आवाज वेगळा होता. धुळ्याकडच्या कुठल्यातरी गावातून, कुणाच्या तरी सुनेच्या फोनवरून एक म्हातारी बाई दर आठवड्याला गाणं पाठवायची. नाव नाही, गाव नाही, राम राम नाही. सरळ गाणं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर म्हणतात तसली जुनी चाल, आणि शब्द मात्र 'दोन दारांचं घर'चे. आवाज थोडा चिरका, पण सुरात पक्का. तिची सगळी गाणी एकाच पात्रावर असायची, आत्यावर.

ही आत्या म्हणजे मालिकेतल्या भावांची थोरली विधवा बहीण. तिला संवाद जवळपास नाहीतच. मागं भिंतीशी चहाचा ट्रे घेऊन उभी असते. मोठी सून ओरडते तेव्हाही उभी, धाकटी रडते तेव्हाही उभी. आम्ही कुणी तिच्याकडे पाहायचोसुद्धा नाही. पण नानांची लाडकी तीच. "ती बोलस नही, पन बठ्ठासनं आयकस," ते म्हणायचे. "बठ्ठासले चहा देस. तिले कोन्ही म्हनत नही, बाई, तू बी बस." त्या बाईचं गाणं आलं की नाना ते भागाच्या शेवटी लावायचे. माझा हात चुकून जरी कापाकापीकडे गेला तरी ओरडायचे, "आखं जाऊ दे! आखं!" आणि गाणं संपल्यावर नुसतं म्हणायचे, "धुयाकडल्या एक श्रोत्या बाईनी धाडेल शे." एरवी कौतुक करायला लागले की थांबता थांबत नसत, पण इथं एवढंच.

तिचं एक गाणं मला तोंडपाठ झालं होतं:

"दोन दारनं घर माय, दोन दारनं घर,
कोन्ता दारतून येऊ माय, भाऊ उभा कर."

नानांच्या घरातलं खरं दुखणं मला यमुनाकाकूंकडून कळलं. एका आखाजीला गल्लीतल्या सगळ्या माहेरवाशिणी लिंबाला बांधलेल्या झोक्यावर गाणी म्हणत होत्या आणि नाना दार लावून आत बसले होते. मी विचारलं तर काकूंनी मॅच बंद केली. त्या मॅच बंद करतात म्हणजे गोष्ट गंभीर असते.

नानांना एक थोरली बहीण, भागाअक्का. आई लवकर गेल्यावर तिनंच नानांना वाढवलं. लग्न होऊन ती साक्री रस्त्याला फुटणाऱ्या एका गावात गेली. आता आमच्या खानदेशात आखाजीला सासुरवाशीण माहेरी येते ती आपली आपण येत नाही. तिला आणायला मुऱ्हाळी जावा लागतो, म्हणजे भाऊ, नाहीतर भाच्यापुतण्यांपैकी कुणी. त्यानं तिच्या घरी जायचं, बसायचं, पुरणपोळी खायची, आणि मग मानानं तिला घेऊन यायचं. आणि नेमकी आखाजीलाच एस.टी.ला तुफान गर्दी. जादा गाड्या सोडायच्या, कुणालाही रजा नाही. वर्षानुवर्षं नाना साऱ्या तालुक्याच्या बहिणी गाडीत भरून माहेरी पोचवत राहिले आणि स्वतःच्या बहिणीला आणायला कधी गेले नाहीत. कधी शेजारचा मुलगा पाठवला, कधी कुणी सापडलं नाही. अक्कानं तेही चालवून घेतलं.

"मंग एक साल यासनी अक्कल चालनी," काकू म्हणाल्या. "निरोप धाडा. मी गाडीवरच शे, मन्हीच गाडीमा बशी ये, मीच मुऱ्हाळी. गाडी स्टँडवर उनी, यासनी बेल वाजाडी वाजाडी वाट दखी. अक्का उनीच नही. तिनी उलटा निरोप धाडा. इचारं, एस.टी. मुऱ्हाळी व्हस का?"

मला हसू आलं, पण काकू हसत नव्हत्या. त्या सालापासून अक्का माहेरी आली नाही. बोलणंही बंद. लग्नाकार्यात दोघं दोन मांडवखांबांना टेकून बसायचे.

"मग आता तर नाना रिकामे आहेत," मी म्हणालो. "आता जायला काय हरकत आहे?"

आतून नानांचा आवाज आला. ते दारामागेच होते. "आते कोन्ता तोंडवर जाऊ? अक्का म्हनी, रिटायर व्हयना, काम नही, म्हनीसन बहीन याद उनी." आणि दारावर एकदाच ठोकल्याचा आवाज आला. मी उतरलो, म्हणजे घरी गेलो. मनात म्हटलं, मालिकेतल्या माणसांना शहाणपण शिकवणारा हा गृहस्थ स्वतःच्या घरी मात्र एरंडोललाच उभा आहे.

आणि मग या वर्षी, आखाजी जवळ आलेली असताना, मालिकेतली आत्या गेली. त्यांनी तिला फार साधेपणानं मारलं. सगळे भांडत असतात, मागं ट्रे पडल्याचा आवाज होतो, आणि भाग संपतो. दुसऱ्या दिवशी हार घातलेला फोटो.

सकाळी मी स्टुडिओत गेलो तर नानांच्या कपाळावर रोजचं गंध नव्हतं. आमच्याकडे घरात गमी झाली की गंध लावत नाहीत. ते गोधडीत शिरले. टक टक झालं नाही. मी स्टुलावर वाट बघत बसलो. मग आतून आवाज आला, "मंडळी, आपली आत्या गयी." मग नाना बोलले ते मी जसंच्या तसं सांगू शकणार नाही. मालिकेबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. थोरली बहीण म्हणजे काय, ती घरात असते तेव्हा तिच्याकडं कुणाचं कसं लक्ष नसतं, तिला बस म्हणायचं कसं राहून जातं, असं काहीबाही बोलत राहिले. शेवटी म्हणाले, "ज्यासले याना व्हई त्यासनी दारवर या. ऐतवारी मी वट्टावर बसेल शे." म्हणजे रविवारी मी ओट्यावर बसलेला आहे, समाचाराला यायचं असेल त्यानं यावं.

मी तो भाग तसाच सोडला. चूक झाली ती पुढं. कुणीतरी भल्या माणसानं त्यातला फक्त मधला तुकडा कापून नात्यागोत्याच्या ग्रुपवर टाकला. त्यात ना मालिकेचं नाव, ना 'डबल बेल'चं. नुसता पुंडलिकनानांचा दाटलेला आवाज, आत्या गेली, रविवारी दारावर या. आता अशा वेळी फोन करून खात्री करावी असं तुम्हांला वाटेल. पण आमच्याकडे गमीच्या घरी फोन करून "कोण गेलं हो?" असं विचारत नाहीत. ते वाईट दिसतं. गाडी करून सरळ दारात येतात.

रविवारी सकाळी पहिली जीप आली ती भडगावची, काकूंच्या माहेरची. रीतीप्रमाणे बाया गल्लीच्या कोपऱ्यावर उतरल्या आणि तिथूनच गळा काढून रडत निघाल्या. यमुनाकाकू ओट्यावर फोनवर मॅच बघत होत्या. सामना रंगात आलेला. त्यांच्या गळ्यात एकदम चौघी पडल्या. काकूंनाही आपल्या रीतीनं रडू फुटलंच, कारण गळ्यात पडलेल्या बाईबरोबर रडायचं हे हाडात मुरलेलं असतं. पुष्कळ रडून झाल्यावर एकीनं पदरानं डोळे पुसले आणि हळूच विचारलं, "कोन गयं व माय?"

"कोन्ही नही गयं," काकू म्हणाल्या.

"मंग तुम्ही काब्र रडनात?"

"तुम्ही रडन्यात म्हनीसन!"

तोवर ओट्यावर पारोळ्याहून आलेले पुरुष रुमाल खांद्यावर टाकून, खाली मान घालून बसले होते. बसल्यावर लगेच काही विचारायचं नसतं म्हणून तेही गप्प. नाना मधे, बिनगंधाचे, गप्प. मी प्रत्येक जीपच्या ड्रायव्हरला बाजूला घेऊन समजावत होतो की मालिकेतली आत्या हो, टीव्हीतली. काही जण भडकले. पण भडगावच्या थोरल्या बाई एकदम म्हणाल्या, "चहाना ट्रेवाली?" आणि त्या नव्यानं रडायला लागल्या, या खेपेला मनापासून. त्यांच्याकडेही घरोघर तीच मालिका बघत होते. तेवढ्यात एकानं शंका काढली की घरी गेल्यावर अंघोळ करायची की नाही, टीव्हीतल्या माणसाचं सुतक लागतं का. सगळ्यांनी नानांकडे पाहिलं. नानांनी बराच विचार केला. "ज्यासनी रोज दखी त्यासले लागस," ते म्हणाले. "ज्यासनी नुसती जाहिरातमा दखी, त्यासनी हातपाय धोयेत तरी चालनं." हा निवाडा सगळ्यांना पटला.

उन्हं चढली तशी गर्दी पांगली. मी पाणी प्यायला उठलो आणि कोपऱ्यावरून आणखी एका बाईचं रडणं ऐकू आलं. एकटीचंच. आमच्याकडे जुन्या बाया रडतात ते सुरात, गेलेल्याला हाक मारत.

"आत्या मन्ही व... जल्मभर उभीच ऱ्हायनी व माय... कोन्ही म्हनं नही तुले, बस..."

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. हा आवाज मी दर आठवड्याला कानाला हेडफोन लावून ऐकला होता. तो थोडा चिरका सूर, तो श्वास घ्यायची जागा, सगळं मला पाठ होतं. धुळ्याकडची श्रोती बाई गल्लीतून चालत येत होती, उंच, वाळकी, डोक्यावरून पदर घेतलेली. मी नानांकडे पाहिलं. ते उभे राहिले होते आणि त्यांचे दोन्ही हात नुसते लोंबकळत होते. ठोकायला त्यांना काही सापडत नव्हतं.

"अक्का," यमुनाकाकू म्हणाल्या, "तुम्ही? बलावनं नही, कोन्ही लेवाले नही..."

"दारवर येवाले मुऱ्हाळी लागत नही, यमुना," भागाअक्का म्हणाल्या आणि ओट्यावर टेकल्या.

माझ्या डोक्यात तेव्हा कुठं उजेड पडला. या बाईनं एकही भाग चुकवला नव्हता. आत्या कोण, कुठली, कशी गेली, हे तिला इथल्या सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं. तिची काहीही गल्लत झालेली नव्हती. इतक्या वर्षांत माहेरच्या दारी बिनबोलावता, मान न सोडता यायची एकच वाट उरली होती, आणि ती मालिकावाल्यांनी तिला काढून दिली. ती वाट नानांनी मुद्दाम मांडून ठेवली होती का, हे मी पुढं त्यांना विचारलं. त्यांनी माझ्या काउंटरवर एकदा ठोकलं.

दोघं बहीणभाऊ शेजारी शेजारी बसले. नाना मधेच आत गेले आणि उशी आणून अक्काच्या पाठीशी ठेवली. अक्कानं ती सरळ केली. बऱ्याच वेळानं अक्का म्हणाल्या, "मांगे एक भागमा आत्यानी साडी तू निळी सांगी. जांभयी व्हती." नाना म्हणाले, "टीव्ही जुना शे मन्हा." संभाषण एवढंच.

काकूंनी राहायचा आग्रह केला. अक्का उठल्या. "मी दारवर येल शे, माहेरले नही," त्या म्हणाल्या. समाचाराला आलेलं माणूस मुक्काम करत नाही, चहाही घेत नाही. त्यांनी काही म्हणजे काही घेतलं नाही. ओट्याच्या पायरीवर मात्र थांबल्या आणि कुणाकडेच न बघता बोलल्या, "आखाजी जवय उनी. मी पुरन घालसू. खानारा उना ते बरं, नही ते गायले घालसू."

आखाजीच्या आधी नाना मला घेऊन स्टँडवर गेले. पांढरं धोतर, कडक टोपी, कपाळावर ठसठशीत गंध, पिशवीत आंबे आणि अक्कासाठी जांभळी साडी. रंग त्यांनी दुकानदाराला उन्हात नेऊन पुन्हा पुन्हा तपासायला लावला होता. त्यांना चढवून मी खाली खिडकीशी उभा राहिलो. गाडीत गर्दी होती. नाना सवयीनं मधे, दांडा धरून उभेच राहिले. कंडक्टर एक तरुण मुलगी होती. ती म्हणाली, "नाना, मागं जागा आहे, बसून घ्या ना." नाना तिच्याकडे बघत राहिले. मग मागच्या सीटवर जाऊन बसले, अंग चोरून, पिशवी मांडीवर घेऊन. त्या मुलीच्या आधी त्यांनीच खिडकीच्या गजावर टक टक केलं आणि गाडी सुटली. मी खरंच सांगतो, हात हलवताना मला नीट दिसत नव्हतं.

त्या आठवड्याचा भाग नानांनी अक्काच्या घरून पाठवला. नेहमी मी खोकले कापतो, मागचे आवाज काढतो. हा भाग मी तसाच सोडला, आणि आजवर आमचा सर्वांत जास्त ऐकला गेलेला भाग तोच आहे. वरणगावच्या गृहस्थांनीसुद्धा पहिल्यांदाच काही तक्रार केली नाही. मागं कुठं तरी झोक्याच्या दोरीची कुरकुर आहे, भांडी आहेत, एक म्हैस आहे. मग टक टक.

"राम राम मंडळी. बठ्ठा बशी गयात का? मांगली सीटले आयकू येस ना?"

आणि लगेच, अगदी फोनजवळून, तो चिरका आवाज, "आयकू येस रे बाबा. शेजारेच बसेल शे."

मग चिमट्याची टिकटिक आणि गाणं:

"दोन दारनं घर माय, दोन दारनं घर,
मांगलं दार उघडंच व्हतं, भाऊ उना घर."

गाणं संपल्यावर नाना मालिकेवर बोलायला लागतात. मोठ्या सुनेनं नवीन काहीतरी कारस्थान केलेलं असतं. त्यांचं वाक्य पुरं होत नाही.

"ते बंद कर आते," अक्का म्हणतात. "पहिलं जेव. पोयी थंडी व्हई ऱ्हायनी."

"एक मिनिट, अक्का, पॅसेंजर..."

"बस म्हनी ऱ्हायनू ना तुले!"

मग पाट सरकवल्याचा आवाज येतो, आणि त्यानंतर ताटाच्या कडेवर बोट आपटल्याचा. टक. एकदाच.